पोरांनी पोरांना सांगितलेली पुस्तके

श्रोतेहो, आजच्या भाषणाची सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू या. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला ‘हे पुस्तक वाच’ असे सांगतो कोण? गुरुजी सांगतात, घरातली वडीलधारी माणसे सांगतात. मूल मान डोलावते आणि बहुतेक वेळा प्रकरण तेवढ्यावरच मिटते. पण त्याच्याच वर्गातला एखादा सोबती शाळेच्या वाटेवर म्हणाला, “अरे, ते जहाजाचं पुस्तक वाचलंस का? शेवट मी नाही सांगायचा, तूच बघ!” की मग मात्र त्या पुस्तकासाठी पोरांची रांग लागते. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती, दुसऱ्याच्या दप्तरातून तिसऱ्याच्या घरी असे ते पुस्तक फिरत राहते आणि शेवटी पुठ्ठा सुटलेल्या, कोपरे दुमडलेल्या अवस्थेत कपाटात परत येते. शिक्षक बंधुभगिनींना हा अनुभव काही नवा नाही.

ही गोष्ट इतकी रोजची आहे, की तिला काही इतिहास असेल असे आपल्या मनातही येत नाही. पण तो आहे. विसाव्या शतकात एका मोठ्या, चांगल्या शिकलेल्या देशात ही साधी गोष्ट जवळजवळ बंद पडली होती. कोणते पुस्तक चांगले आणि कोणते वाईट हे मुलांनी ठरवायचे नाही, गुरुजींनीही ठरवायचे नाही. ते वरून ठरून यायचे. बारा वर्षे असे चालले. आणि मग त्याच देशात, सगळे मोडून पडलेले असताना, एका बाईने मुलांच्या हाती पुन्हा पुस्तके दिली आणि त्यांना विचारले, “तुला हे कसे वाटले?” तो देश जर्मनी आणि त्या बाईंचे नाव येला लेपमन. त्यांची आणि त्यांच्या ग्रंथालयातल्या मुलांची हकीकत आज आपण ऐकणार आहोत.

येलाबाईंचा जन्म १८९१ सालचा, दक्षिण जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरातला. घर ज्यू, खाऊनपिऊन सुखी. त्या शहरात वॉल्डॉर्फ-अस्टोरिया नावाचा सिगारेटचा एक कारखाना होता. तेथे परदेशांतून आलेले मजूर काम करीत. त्यांची मुले त्यांच्याबरोबर आलेली. आपल्याकडे ऊसतोडीच्या हंगामात कोपी टाकून राहणाऱ्या कुटुंबांची मुले जशी ना इथल्या शाळेची ना तिथल्या, तशीच थोडीफार ही मुले. भोवतालची भाषा त्यांची नाही आणि त्यांच्या भाषेतले काही वाचायला हाताशी नाही. १९०८ साली येलाने या मुलांसाठी निरनिराळ्या भाषांतल्या पुस्तकांची एक वाचनखोली उभी केली. तेव्हा तिचे वय होते अवघे सतरा वर्षांचे. म्हणजे पाहा, ही काही सरकारी योजना नव्हती आणि कोण्या विद्वानाचा उपक्रमही नव्हता. एका वाचणाऱ्या मुलीने दुसऱ्या मुलांना वाचायला बोलावले होते. जाता जाता एवढे सांगतो, की याच कारखान्याने पुढे १९१९ साली आपल्या कामगारांच्या मुलांसाठी एक शाळा काढली आणि तिच्यावरूनच जगातल्या ‘वॉल्डॉर्फ’ पद्धतीच्या शाळांना ते नाव पडले.

पुढे येलाचे लग्न झाले, दोन मुले झाली आणि १९२२ मध्ये पती वारले. तिशी नुकतीच उलटलेली, पदरात दोन लेकरे. बाई खचल्या नाहीत. त्यांनी लेखणी हाती धरली आणि स्टुटगार्टच्या एका वर्तमानपत्राच्या त्या पहिल्या स्त्री-संपादक झाल्या. मुलांसाठीही त्यांनी लिहिले. असे सगळे रांगेला लागले असतानाच १९३३ साल उजाडले.

या सालाची आपल्याला वेगळी ओळख आहे. त्या वर्षाच्या फेब्रुवारी महिन्यात साने गुरुजी नाशिकच्या तुरुंगात बसून ‘श्यामची आई’ लिहीत होते. एका देशात तुरुंगाच्या भिंतींआड मुलांचे पुस्तक जन्माला येत होते, आणि दुसऱ्या देशात भर चौकात पुस्तकांची होळी करण्याची तयारी चालली होती.

जानेवारीत हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला. १० मे १९३३ च्या रात्री जर्मनीतल्या वीसेक विद्यापीठांच्या शहरांत पुस्तकांचे ढीग रचून त्यांना आग लावण्यात आली. बर्लिनमध्ये हा प्रकार ऑपेराच्या चौकात झाला. फ्रॉइडसारख्या शास्त्रज्ञाची, युद्धाची भीषणता सांगणाऱ्या रेमार्कची पुस्तके त्या आगीत गेली. अंध आणि बधिर असूनही शिकलेल्या हेलन केलरबाईंचे लिखाणही सुटले नाही. एरिख केस्टनर नावाचे एक लेखक त्या गर्दीत उभे राहून आपली स्वतःची पुस्तके जळताना पाहत होते. या केस्टनरनी १९२९ साली मुलांसाठी एक कादंबरी लिहिली होती. एमिल नावाच्या मुलाचे पैसे आगगाडीत चोरीला जातात आणि बर्लिनमधली पोरे एक होऊन त्या चोराला पकडतात, अशी ती गोष्ट. मुलांमध्ये ती इतकी लोकप्रिय होती, की त्या वेळी काळ्या यादीतून तेवढी वगळली गेली. पुढे तिच्यावरही गदा आलीच.

आता यात नीट लक्षात ठेवण्याची गोष्ट कोणती? ही होळी पेटवण्यात पुढाकार होता तो विद्यार्थ्यांचा. विद्यापीठांत शिकणारी, विशीच्या आतबाहेरची ही मुले. त्यांच्या संघटनेने हा कार्यक्रम आखला आणि तडीस नेला. कोणती पुस्तके जाळायची याची यादी एका तरुण ग्रंथपालाने केली होती. बर्लिनच्या त्या चौकात सुमारे चाळीस हजारांचा जमाव लोटला होता. त्यातल्या किती जणांनी ती पुस्तके वाचली असतील? आगीत पुस्तक टाकायला ते वाचलेले असावे लागत नाही. नुसती यादी पुरते. आणि श्रोतेहो, यादी म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी मत.

त्यानंतरची बारा वर्षे जर्मन मुलांनी कशी काढली याचा हिशेब करून पाहा. १९३३ मध्ये चार वर्षांचा असलेला मुलगा १९४५ मध्ये सोळा वर्षांचा झाला. त्याने जी अक्षरे गिरवली, जे धडे पाठ केले, शाळेच्या कपाटात जी पुस्तके पाहिली, ती सगळी गाळून, निवडून, एकाच रंगात रंगवून त्याच्यापुढे आलेली. दहाव्या वर्षापासून मुलांना हिटलरच्या बालसंघटनेत ओढले जाई आणि १९३९ पासून तर ते सक्तीचेच झाले. ‘मला हे पुस्तक आवडले’ किंवा ‘मला हे खोटे वाटते’ असे मोकळेपणी म्हणण्याची सवयच त्या पिढीला लागली नाही. विहिरीचा झरा बुजला की वरून कितीही घागरी ओता, विहीर काही जिवंत होत नाही. तशी गत झाली.

येलाबाई ज्यू. वर्तमानपत्रातली त्यांची जागा गेली. १९३६ मध्ये मुलांना घेऊन त्यांनी देश सोडला आणि इंग्लंडचा आसरा घेतला. तेथे त्या ब्रिटिश नागरिक झाल्या. १९४५ मध्ये युद्ध संपले, तेव्हा जर्मनीचा जो भाग अमेरिकन सैन्याच्या ताब्यात होता तेथील स्त्रिया आणि मुले यांच्या प्रश्नांवर सल्ला देण्यासाठी त्यांना बोलावणे आले. ज्या देशाने आपल्याला हाकलले, आपल्या लोकांचा संहार केला, त्याच देशात परत जायचे! मनाला हे सोपे नव्हते. पण पोरांचा काय दोष, असा विचार करून त्या गेल्या. मेजरच्या हुद्द्याचा लष्करी गणवेश अंगावर घालून त्या त्या वर्षाच्या शरद ऋतूत पुन्हा जर्मन भूमीवर उतरल्या.

त्यांनी काय पाहिले? शहरेच्या शहरे विटांचे ढिगारे होऊन पडलेली. घरे नाहीत, कोळसा नाही, खायला पुरेसे नाही. अनाथ मुले ढिगाऱ्यांतून फिरत आहेत. अशा वेळी ‘मुलांना पुस्तके द्या’ असे कोणी म्हणाले तर आपण काय म्हणू? “बाई, आधी भाकरीचं बघा, मग पुस्तकाचं!” तेथेही हाच आक्षेप आला, आणि तो खोटा नव्हता. पण येलाबाईंचे म्हणणे असे, की पोटाला अन्न हवे तसे मनालाही हवे, आणि या मुलांच्या मनाची उपासमार तर युद्धाच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. भाकरी सैन्याच्या गाडीतून येईल. पण बाहेरच्या जगात आपल्यासारखीच मुले आहेत, ती हसतात, खेळतात, भितात, हे या मुलांना कोण सांगणार? ते पुस्तकच सांगेल.

पैसा नव्हता. मग बाईंनी पत्रे लिहिली. सुमारे वीस देशांना त्यांनी विनंती केली, की तुमच्याकडची मुलांची उत्तम पुस्तके आम्हाला भेट पाठवा. आम्ही त्यांचे प्रदर्शन भरवणार आहोत. हे देश कोणते? त्यांतले कित्येक नुकतेच जर्मन फौजांच्या टाचांखालून सुटलेले. तरीही एकेका देशाची पेटी येऊ लागली. बेल्जियमने मात्र नकार कळवला. १९१४ मध्ये एकदा आणि १९४० मध्ये दुसऱ्यांदा, अशी दोन वेळा जर्मनीने त्यांच्यावर स्वारी केली होती. त्यांचा राग समजण्यासारखा होता. येलाबाईंनी पुन्हा पत्र धाडले. त्या पत्राचा मथितार्थ असा : तिसऱ्यांदा असे होऊ नये असे वाटत असेल, तर या मुलांना नव्याने सुरुवात करण्याची संधी तुम्हीच द्यायला हवी. बेल्जियमने मग पुस्तके पाठवली आणि चांगली निवडून पाठवली.

३ जुलै १९४६ रोजी म्युनिक शहरात हे प्रदर्शन उघडले. जागा कोणती मिळाली पाहा. ‘हाउस डेर कुन्स्ट’, म्हणजे कलाभवन. हिटलरने आपल्या राजवटीला मान्य असलेली कला दाखवण्यासाठी १९३७ मध्ये मोठ्या दिमाखात उघडलेली ही इमारत बाँबच्या माऱ्यातून वाचली होती. ज्या दालनांत एके काळी सरकारी शिक्क्याचीच चित्रे लागत, त्या दालनांत आता देशोदेशींची गोष्टींची पुस्तके आणि देशोदेशींच्या मुलांनी काढलेली चित्रे मांडली गेली. तेथून हे प्रदर्शन दुसऱ्या शहरांत फिरले आणि वर्षाच्या शेवटी बर्लिनला गेले.

बर्लिनमधली एक हकीकत सांगतो. ती आपल्या शेतकरी श्रोत्यांना आवडेल. मुले प्रदर्शनात पुस्तके पाहत, पण घरी न्यायला द्यावे तर एकेकच प्रत. तेव्हा बाईंनी एक पुस्तक निवडले. मन्रो लीफ या अमेरिकन लेखकाने १९३६ मध्ये लिहिलेली ही एका बैलाची गोष्ट. बैलाचे नाव फर्डिनांड. स्पेन देशात माणसाशी झुंजवण्यासाठी बैल पाळतात, तशांतला हा एक. अंगाने भक्कम, पण झुंजायची म्हणून आवड नाही. एका झाडाखाली बसावे आणि फुलांचा वास घ्यावा, हाच त्याचा आनंद. पोळ्याला बैलाच्या खांद्याला तूपहळद लावणाऱ्या आपल्या माणसांना या फर्डिनांडचे मन वेगळे उलगडून सांगायला नको. हिटलरच्या राज्यात या गोष्टीवर बंदी होती. येलाबाईंनी तिचे जर्मन भाषांतर स्वतः केले, वर्तमानपत्राच्या कागदावर तिच्या तीस हजार प्रती छापून घेतल्या आणि मुलांना फुकट वाटल्या. ज्या शहरात तेरा वर्षांपूर्वी पुस्तके जाळली होती, त्याच शहरात पोरे हातात पुस्तक घेऊन घरी चालली होती.

प्रदर्शन म्हणजे जत्रा. चार दिवस गर्दी आणि मग पालं उठतात. येलाबाईंना कायमचे ग्रंथालय हवे होते. अमेरिकेत जाऊन त्यांनी मदत मिळवली. रॉकफेलर फाउंडेशनने पैसा दिला, अमेरिकेतल्या ग्रंथालयांच्या संघाने हातभार लावला, एलिनॉर रूझवेल्टबाईंनी पाठिंबा दिला. १४ सप्टेंबर १९४९ रोजी म्युनिकमधल्या एका जुन्या बंगल्यात ‘आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय’ सुरू झाले. त्याच सुमारास केस्टनर यांचे ‘प्राण्यांची परिषद’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक निघाले. माणसांच्या भांडणांना कंटाळून प्राणीच सभा भरवतात, ही त्याची कल्पना येलाबाईंनीच त्यांना सुचवली होती.

या ग्रंथालयाच्या दोन गोष्टी शिक्षकांनी मनात धरण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे उघडी फळी. त्या काळी जर्मनीतल्या बहुतेक वाचनालयांत पुस्तके टेबलाच्या पलीकडे असत. तुम्ही नाव सांगायचे आणि पलीकडच्या माणसाने पुस्तक आणून द्यायचे. येथे मुले थेट फळीपाशी जात, हवे ते पुस्तक काढीत, चाळीत, नको वाटले तर परत ठेवीत. आपल्याला ही बाब लहान वाटेल. पण पुस्तक ‘नको’ म्हणून परत ठेवण्याची मुभा असेल, तरच ‘हवे’ या शब्दाला काही किंमत येते.

दुसरी गोष्ट म्हणजे तरुण वाचकांची चर्चामंडळे. चित्रे काढणे, परभाषा शिकणे, नाटुकली बसवणे हे सगळे त्या बंगल्यात चालेच; पण त्यातले फार मोलाचे काम हे. मुले एखादे पुस्तक वाचीत, एकत्र बसून त्यावर बोलत आणि आपले मत मांडीत. समीक्षक मोठी माणसे नव्हेत, ज्यांच्यासाठी पुस्तक लिहिले तीच मुले.

श्रोतेहो, क्षणभर या चर्चामंडळाची त्या चौकातल्या जमावाशी तुलना करून पाहा. तिकडेही तरुण मुले होती, इकडेही. तिकडेही पुस्तकांविषयीच निर्णय चालला होता, इकडेही तेच. मग फरक कोठे पडला? चर्चेला बसायचे तर आधी पुस्तक वाचावे लागते. न वाचता बोललात तर शेजारचा लगेच पकडतो. नुसते ‘छान आहे’ म्हणून भागत नाही, का छान आहे ते सांगावे लागते, आणि ते ‘का’ शोधताना मूल स्वतःच्या मनात डोकावते. आणि दुसऱ्याला तेच पुस्तक कंटाळवाणे वाटले, तर त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. मतभेद झाला तरी संध्याकाळी दोघे मिळूनच घरी जातात. ही तीन कामे चौकातल्या जमावाला करावी लागली नव्हती. त्याला फक्त घोषणा द्यायच्या होत्या. लोकशाही म्हणजे काय हे मुलांना शिकवण्यासाठी व्याख्यान देण्याची गरज नाही. एका पुस्तकाभोवती दहा मुले बसवावीत, एवढे पुष्कळ आहे.

ही पद्धत एकट्या येलाबाईंच्या डोक्यातून निघाली असे मात्र नाही. अमेरिकेत तिची मुळे होती. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात मेबल विल्यम्स नावाच्या बाईंनी शाळा आणि कुमारवयीन वाचक यांच्यासाठी वेगळे काम उभे केले होते. १९२९ पासून तेथे कुमारांसाठी पुस्तकांची एक यादी निघू लागली. पाहा, यादी येथेही आहे! पण ती वाचायला बोलावणारी यादी. त्यांच्या सहकारी मार्गारेट स्कॉगिन यांनी पुढचे पाऊल टाकले. १९४० नंतरच्या दशकात त्यांनी एक कार्यक्रम सुरू केला आणि त्यात कुमारवयीन मुलामुलींनाच पुस्तकांवर बोलायला लावले. कोठे म्हणाल? रेडिओवर! ‘तरुण ग्रंथपरीक्षक’ अशा अर्थाचे त्या कार्यक्रमाचे नाव होते. घराघरांतली मुले कान देऊन ऐकत, कारण बोलणारा त्यांच्याच वयाचा असे. याच स्कॉगिनबाई म्युनिकला गेल्या आणि तेथील बालग्रंथालय उभारायला त्यांनी मदत केली. आपणही रेडिओच्या माध्यमातूनच भेटतो आहोत, तेव्हा ही आठवण विशेष गोड वाटते.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १९५१ मध्ये येलाबाईंनी म्युनिकला देशोदेशींच्या लेखकांची, ग्रंथपालांची, प्रकाशकांची परिषद भरवली. तिच्यातून १९५३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झुरिकला मुलांच्या पुस्तकांसाठी एक आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. या मंडळाने १९५६ पासून हान्स ख्रिश्चन अँडरसन यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला आणि १९६७ पासून त्यांचा जन्मदिवस, २ एप्रिल, हा आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन ठरवला. १९९८ मध्ये या मंडळाचे अधिवेशन आपल्या दिल्लीत भरले होते. येलाबाई १९७० मध्ये झुरिक येथे वारल्या. त्यांचे ग्रंथालय १९८३ मध्ये म्युनिकच्या कडेला असलेल्या ब्लुटेनबुर्ग नावाच्या जुन्या गढीत हलले. देशोदेशींनी भेट दिलेल्या पेट्यांतून सुरू झालेल्या त्या संग्रहात आज सहा लाखांहून अधिक पुस्तके आहेत. राजेराजवाडे आपल्या गढीत दारूगोळा साठवीत. या गढीत पोरांच्या गोष्टी साठवल्या आहेत.

आणि शेवटची एक नोंद. जर्मन सरकार १९५६ पासून मुलांच्या उत्तम पुस्तकांना दरवर्षी पारितोषिक देते. पूर्वी निवड करीत ती मोठी जाणती माणसे. २००३ पासून त्यांच्या बरोबरीने मुलांचेही एक पंचमंडळ नेमले जाऊ लागले. निरनिराळ्या गावांतल्या वाचनमंडळांतली मुले वर्षभर पुस्तके वाचतात, वाद घालतात आणि आपले पारितोषिक आपण ठरवतात. मोठ्यांची निवड आणि मुलांची निवड एकच असेल असे नाही, आणि ती नसली तरी कोणी रागावत नाही. १९३३ ते २००३, सत्तर वर्षे झाली. ज्या देशात तरुणांनी दुसऱ्याच्या यादीवरून पुस्तके जाळली, त्याच देशात तरुणांच्या निवडीला पारितोषिकाचा मान मिळाला.

आता आपल्याकडे वळू. आपल्या मातीत ही कल्पना रुजायला काही अडचण आहे काय? अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत असत. हाताने लिहिलेले ते कागद मुले वाट पाहून वाचीत. गावोगावच्या शाळांत मुलांनी स्वतः लिहिलेली, चित्रे काढून सजवलेली हस्तलिखिते निघत आली आहेत. त्यांत कविता असतात, विनोद असतात, कोडी असतात. एक पान ‘मी वाचलेले पुस्तक’ यासाठी ठेवायला काय हरकत आहे?

शिक्षक मित्रांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पहिली, कपाटाची किल्ली. पुस्तके फाटतील, हरवतील, हिशेब कोण देणार, ही भीती खरी आहे. तरी निदान पंधरा-वीस पुस्तके दोरीवर टांगून किंवा बाकावर मांडून मुलांच्या हाताशी ठेवा. वाचून वाचून फाटलेल्या पुस्तकाचा हिशेब अभिमानाने द्यावा.

दुसरी, एक जाड वही. मुलाने पुस्तक परत करताना त्या वहीत दोन ओळी लिहायच्या : कोणी वाचावे आणि का वाचावे. व्याकरण तपासू नका, लाल शाईने खुणा करू नका. ही वही गुरुजींसाठी नाही, पुढच्या मुलासाठी आहे. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगावे, दुसऱ्याने उतरून घ्यावे.

तिसरी, आठवड्यातून एकदा परिपाठाच्या वेळी पाच मिनिटे. एका मुलाने किंवा मुलीने उभे राहून एका पुस्तकाविषयी बोलावे. मुलींना मुद्दाम पुढे करा. त्यांच्या वाचनाला घरकामातून वेळ चोरावा लागतो, म्हणून त्यांनी वाचलेल्याचे मोल अधिक आहे. आणि जो मुलगा अडखळत वाचतो त्यालाही बोलू द्या. त्याने एखादे लहानसे चित्रमय पुस्तक जिद्दीने संपवले असेल, तर त्याचे दोन शब्द पहिल्या नंबरच्या मुलाच्या भाषणापेक्षा वर्गाला अधिक उपयोगी पडतील.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड. एखादे मूल उठून म्हणेल, “गुरुजी, तुम्ही सांगितलेलं पुस्तक मला नाही आवडलं.” अशा वेळी कपाळाला आठी पडू देऊ नका. त्याला एवढेच विचारा, “का नाही आवडलं?” त्याला सांगता आले, तर समजा की त्या पुस्तकाने आपले काम केले. सांगता आले नाही, तर तो पुन्हा वाचील. दोन्हीकडून लाभच आहे. उलट जे मूल आपल्या प्रत्येक शिफारशीला ‘छान, छान’ म्हणते, त्याच्याकडे जरा काळजीने पाहा. होकार देण्याची सवय फार लवकर अंगवळणी पडते, आणि मग होकार कोणाला द्यायचा हे वरचा माणूस ठरवतो.

पालकांसाठी एकच विनंती. पोरगा अभ्यासाचे सोडून गोष्टीचे पुस्तक वाचताना दिसला, की आपण म्हणतो, “हे वाचून परीक्षेत मार्क मिळणार आहेत का?” नाही मिळणार. पण ते पुस्तक वाचून तो शेजारच्या घरी धावत गेला आणि “हे वाचच!” म्हणाला, तर त्या दिवशी त्याने दोन गोष्टी केल्या असे समजा. त्याने स्वतःचे मत बनवले, आणि ते दुसऱ्यावर न लादता त्याच्यापुढे ठेवले. उद्या याच पोराला ग्रामपंचायतीत बसायचे आहे, मतदान करायचे आहे, वर्तमानपत्रातली बातमी खरी की खोटी हे पारखायचे आहे. त्या सगळ्याची ही पहिली तालीम आहे.

म्हणून श्रोतेहो, या आठवड्यात आपल्या शाळेत, वाचनालयात, घरी एवढे करून पाहा. मुलांना पुस्तक देऊन थांबू नका. ते वाचून झाले, की ते कोणाला द्यावेसे वाटते आणि का, हे त्यांना विचारा. मग थोडे गप्प बसा आणि ते काय सांगतात ते ऐका.